पाटी एकाची, इंजिन दुसऱ्याचं

स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो "गाडी कोणती?" नव्या गाडीला हा प्रश्न पुरतो. मॉडेल सांगितलं, साल सांगितलं की डबा समोर येतो. मिलिटरी डिस्पोजलमधून आलेल्या जुन्या जीपच्या मालकाला मात्र हाच प्रश्न गोत्यात आणतो. तो अभिमानानं "विलीज, बेचाळीसची" म्हणतो, दुकानदार विलीजचा माल देतो, आणि गॅरेजात हेडचं पॅकिंग ब्लॉकवर ठेवून पाहिलं की कळतं, भोकं जुळतच नाहीत. दुकानदारानं फसवलेलं नसतं, मालकानंही खोटं सांगितलेलं नसतं. डॅशबोर्डवरची पाटीसुद्धा खरीच असते, पण ती 1942 पुरती. त्यानंतरच्या ऐंशी वर्षांत बोनेटखाली काय काय बदललं, हे तिला ठाऊक नसतं.

माहूरसारख्या गावी ही चूक जास्त महागात पडते. पैनगंगेच्या वळणातलं हे गाव नांदेडपासून सुमारे सव्वाशे किलोमीटर. काळ्या-पिवळ्या गाड्यांना लागणारं किरकोळ सामान जवळपास मिळून जातं. महायुद्धातल्या इंजिनाचा बेअरिंग शेल मिळेल अशी आशा कुणी धरत नाही. तो नांदेडहून, पुण्याच्या नाना पेठेतून किंवा थेट दिल्लीच्या काश्मिरी गेटहून मागवावा लागतो. चुकीचा आला की परत पाठवा, पुन्हा थांबा, आणि तोवर गाडी विटांवर. त्यातून चुकीचा भाग कसाबसा बसवलाच, तर रेणुकेच्या गडाकडचा किंवा त्याहून उंच दत्तशिखराकडचा चढ तो उघडा पाडतो. सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगानं जाणारी जीप बेअरिंगमधली ढिलाई झाकून नेते. पहिल्या-दुसऱ्या गियरवर चढताना ऑइल तापून पातळ होतं, प्रेशरचा काटा खाली बसतो आणि क्रँक ठोकायला लागतो.

मराठवाड्यात "जीप" हे नाव किती वेगवेगळ्या इंजिनांनी वापरलंय ते आधी पाहायला हवं. मूळ जीप म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी, आणि तिचीच हुबेहूब बहीण, फोर्ड कंपनीनं विलीजच्या आराखड्यावर बनवलेली जीपीडब्ल्यू. 1941 ते 1945 या काळात विलीजनं सुमारे 3 लाख 60 हजार आणि फोर्डनं सुमारे 2 लाख 80 हजार जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या काही भारतातच राहिल्या, लिलावात निघाल्या, लष्करानं वापरल्या. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थानावर पोलिस कारवाई झाली तेव्हा भारतीय लष्कराकडे जीप होत्याच, आणि आणखी हव्या होत्या. त्याच वर्षी लंडनमधले भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सुमारे 80 लाख रुपयांचा, दुरुस्त करून नव्यासारख्या केलेल्या जीप घेण्याचा करार केला. त्यातल्या 155 जीप भारतात पोचल्या त्या सेवेत घेण्याजोग्या नव्हत्या आणि संसदेत गदारोळ झाला. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा खरेदी घोटाळा म्हणून तो ओळखला जातो. "रिकंडिशन्ड" हा शब्द ऐकला की आत नेमकं काय आहे ते उघडून बघावं, हा धडा तेव्हापासूनचा आहे. जुन्या गाड्यांच्या बाजारात तो अजून कुणी शिकलेला दिसत नाही.

दरम्यान 1947 मध्ये महिंद्र कंपनीनं सुट्या भागांच्या रूपात विलीज जीप भारतात आणायला सुरुवात केली होती. पहिली खेप 75 गाड्यांची. पुढे सुटे भाग इथंच बनायला लागले आणि सीजे-थ्रीबी हे मॉडेल भारतात पाय रोवून बसलं. लष्करानंही ते भरपूर घेतलं. 1965 च्या युद्धात असल उत्तरला अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानी पॅटन रणगाडे टिपले ते जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेनं. लष्कराबाहेर वनखात्यापासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत जीपच पळत होती. लष्करानं लिलावात काढलेली जीप खासगी हातात आली की तिच्यात जे मिळेल ते बसत गेलं.

म्हणून जुन्या जीपचं बोनेट उघडल्यावर समोर कोणत्या घराण्यातलं इंजिन आहे ते ओळखणं ही पहिली पायरी. ही ओळख नुसत्या डोळ्यांनी होते, कुठलाही पाना लागत नाही.

मूळ युद्धकालीन इंजिन म्हणजे 'गो डेव्हिल'. चार सिलिंडर, 2199 सीसी, 60 अश्वशक्ती. विलीजचे मुख्य अभियंता बार्नी रूस यांनी कंपनीच्या आधीच्या, 48 अश्वशक्तीच्या इंजिनावर मेहनत घेऊन ते घडवलं. याचे दोन्ही व्हॉल्व्ह, हवा-पेट्रोल आत घेणारा आणि धूर बाहेर टाकणारा, ब्लॉकमध्येच सिलिंडरच्या बाजूला असतात. त्यामुळे वरचं हेड म्हणजे एक सपाट ओतीव झाकण. त्यावर चार स्पार्क प्लग सरळ उभे दिसतात, टॅपेट कव्हर वर नसतंच. हेड असं सपाट दिसलं की गो डेव्हिल समजायचं.

पन्नासच्या दशकात आलेलं 'हरिकेन' हे त्याचंच सुधारलेलं रूप. बोअर तोच, 3.125 इंच. स्ट्रोक तोच, 4.375 इंच. सीसीही तेवढीच. बदललं ते वरचं घर. आत घेणारा व्हॉल्व्ह ब्लॉकमधून उचलून हेडमध्ये नेला, धुराचा खालीच ठेवला. त्यामुळे ताकद सत्तरच्या वर गेली, पण इंजिन उंच झालं. सीजे-थ्रीबीचं बोनेट जुन्या जीपपेक्षा उंच आणि पुढून जरा बेढब दिसतं त्याचं कारण एवढंच. खाली हरिकेन मावत नव्हतं. हरिकेनच्या डोक्यावर टॅपेट कव्हर असतं आणि कार्बोरेटर थेट हेडवर बसतो.

या दोन भावंडांमुळे सगळ्यात जास्त माल चुकतो. खालचा भाग, म्हणजे क्रँक आणि त्याच्या बेअरिंगा, दोघांत बराचसा सारखा. वरचा भाग, म्हणजे हेडचं पॅकिंग, व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, सगळं वेगळं. त्यामुळे "विलीजचा बेअरिंग सेट" मागवला तर तो दोघांनाही चालू शकतो आणि "विलीजचं हेड पॅकिंग" मागवलं तर निम्म्या वेळा चुकतं. एकदा बेअरिंग बरोबर आली म्हणून मालकाचा विश्वास बसतो आणि पुढच्या ऑर्डरला तो गाफील राहतो.

तिसरं घराणं डिझेलचं. पेट्रोल परवडेना तसं महिंद्रनंही डिझेल इंजिनं बसवली आणि गॅरेजवाल्यांनीही. इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून 1963 मध्ये भारतात ट्रॅक्टरचा कारखाना निघाला होता. त्या ट्रॅक्टरच्या कुळातलं डिझेल जीपमध्ये आलं. पुढे फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्यावरचं 'एक्सडीपी 4.90' आलं. या इंजिनाचं नावच त्याची जन्मपत्रिका आहे: 4 सिलिंडर, 90 मिलिमीटर बोअर. 83 मिलिमीटर स्ट्रोकशी हिशेब केला की बरोबर 2112 सीसी निघतात. लष्करी जीपमध्ये प्यूजो दिसलं तर मूळ गाडीची सगळी पुस्तकं मिटून ठेवायची आणि प्यूजोचं पुस्तक उघडायचं. त्या गाडीचं विलीजपण आता बंपर आणि ग्रिलपुरतं उरलेलं असतं.

घराणं कळलं की नंबर वाचायचा. इथं दोन प्रकारचे आकडे असतात आणि त्यांत गल्लत होते. ब्लॉकच्या अंगावर उठावदार, फुगीर आकडे दिसतात ते ओतकामाचे. साच्यातच कोरलेले असल्यामुळे ते लोखंडाबरोबर ओतले जातात. त्या साच्यातून निघालेल्या हजारो ब्लॉकांवर तोच आकडा असतो. तो ब्लॉकची जात सांगतो. दुसरे आकडे खोल ठोकलेले, पंच मारून उमटवलेले. हा त्या एका इंजिनाचा स्वतःचा नंबर. पार्टच्या डब्यावरचा पार्ट नंबर हा या दोन्हींपेक्षा वेगळा तिसरा आकडा. ओतकामाचा नंबर सांगून पार्ट मागणारे गिऱ्हाईक रोज एक तरी भेटतं, असं कुठलाही जुना दुकानदार सांगेल.

ठोकलेला नंबर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात, वॉटर पंपाच्या आसपास एका सपाट पट्टीवर असतो. तिथं जुनं ऑइल, धूळ आणि वर्कशॉपात मारलेल्या रंगाचे थर साठलेले असतात. डिझेलचा फडका, मग पितळी तारांचा ब्रश. पोलादी ब्रश किंवा ग्राइंडर लावायचा नाही, आकडे बुजतात आणि मग आरटीओत उत्तरं देता देता नाकी नऊ येतात. पट्टी कोरडी झाली की तिच्यावर खडू घासायचा आणि वरच्यावर हलक्या बोटानं पुसायचा. ठोकलेल्या खाचांत पांढरं राहतं आणि नंबर वाचता येतो. फुगीर आकड्यांना उलट करायचं, खडूची कड आडवी फिरवायची, म्हणजे फक्त उठाव पांढरा होतो. टॉर्च समोरून न धरता बाजूनं, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरला की बुजलेला आकडाही सावलीनं कळतो. मग मोबाइलवर फोटो, आणि शक्यतो दोन कोनांतून.

नंबराच्या आधीची अक्षरं घराणं पक्कं करतात. एमबी म्हणजे विलीजचं युद्धकालीन इंजिन, जीपीडब्ल्यू म्हणजे फोर्डचं. युद्धानंतरच्या नागरी जीपपैकी सीजे-टूएला जे, सीजे-थ्रीएला थ्रीजे, सीजे-थ्रीबीला फोरजे. अमेरिकन लष्कराच्या एम-38 ला एमसी, एम-38 ए-1 ला एमडी. फोर्डला स्वतःचा माल वेगळा ओळखू यावा अशी हौस इतकी की बोल्टच्या डोक्यावरही छोटा एफ ठोकलेला सापडतो. मूळपण जपणारे हौशी लोक असे एफवाले बोल्ट शोधत भंगाराच्या ढिगात हात घालून बसतात. इंजिन चालण्यासाठी त्याची काही गरज नाही. विलीज आणि फोर्ड यांचे भाग एकमेकांत बसावेत हीच तर सैन्याची अट होती.

त्या अटीचा एक परिणाम आज डोकेदुखी होऊन बसलाय. युद्धकाळातल्या मोठ्या वर्कशॉपांत इंजिनं खोलली जात तेव्हा कुणाचा ब्लॉक कुणाच्या चासीत परत गेला याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. विलीजच्या चासीत फोर्डचं इंजिन, फोर्डच्या ब्लॉकवर विलीजचं हेड, हे तिथं रोजचंच. तयार इंजिन शेल्फवरून उचलायचं, गाडीत टाकायचं, गाडी आघाडीवर. भारतीय लष्कराचीही खडकीच्या 512 आर्मी बेस वर्कशॉपसारखी मोठी दुरुस्ती केंद्रं आहेत. अशा ठिकाणाहून फिरून आलेल्या वाहनाच्या पोटात सगळं मूळचंच असेल असं धरून चालणं भाबडेपणाचं.

आता नंबरानंतरचं अक्षर. बहुतेक लोक याच्याकडे पाहतही नाहीत. कारखान्यात एखादा क्रँक किंवा सिलिंडर ठरल्या मापाला जरासा चुकला तर तो फेकून देत नसत. दहा थाऊ, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, साधारण पाव मिलिमीटर, आणखी घासून त्या मापाच्या बेअरिंगा किंवा पिस्टन घालत आणि इंजिन नंबराशेजारी खुणेचं अक्षर ठोकत. युद्धानंतरच्या जीपच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये याचा तक्ताच आहे. ए म्हणजे मेन आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगा दहा थाऊ अंडरसाइज. बी म्हणजे पिस्टन दहा थाऊ ओव्हरसाइज. एबी म्हणजे दोन्ही. याचा अर्थ असा की कारखान्यातून कोरं निघालेलं इंजिनही 'स्टँडर्ड' मापाचं असेलच असं नाही. "क्रँकला कधी हात लागलेला नाही, स्टँडर्ड शेल द्या" असं म्हणणारा मालक मनापासून बोलत असतो आणि तरी चुकत असतो.

अक्षरही शेवटी कारखान्यापुरतंच. त्यानंतर क्रँक किती वेळा ग्राइंडिंगला गेला, बोअर किती वेळा वाढवला, स्लीव्ह घालून परत मूळ मापाला कधी आणला, हे कुठंच ठोकलेलं नसतं. अमेरिकन सैन्याच्या वर्कशॉपांत पुनर्बांधणी केलेल्या इंजिनावर मापांची छोटी पाटी रिव्हेट करत. अशी पाटी शाबूत असलेलं इंजिन हाती आलं तर मालकाचं नशीब म्हणायचं. बाकीच्यांना मायक्रोमीटर हाच आधार.

गो डेव्हिलच्या क्रँकची रॉडची पिन मुळात 1.9375 इंच जाड. दहा घासली की 1.9275, वीस घासली की 1.9175. मायक्रोमीटर एकदा उभा लावून भागत नाही. चौथाई फिरवून पुन्हा लावायचा, कारण वापरलेली पिन गोल राहत नाही, अंडाकृती होते. मग पिनच्या दोन्ही टोकांना लावायचा, कारण ती एका बाजूला जास्त झिजून निमुळती झालेली असते. चारही पिनांची मापं वहीत लिहायची. एखाद-दोन थाऊंचा फरक निघाला तर आधी ग्राइंडिंग, मग शेलची खरेदी. बरेच जण नेमकं उलटं करतात, शेल आधी आणतात आणि क्रँकला शेलच्या मापाला आणायला लेथवाल्याच्या मागे लागतात.

जुन्या शेलच्या पाठीवर 010 किंवा 020 असा आकडा ठोकलेला असतो. तो वाचावा, पण त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये. ढिलं झालेलं बेअरिंग 'बसवायला' शेलच्या मागं पातळ पत्रा सारणारे मिस्त्री आपल्याकडे कमी नव्हते. चुकीचं माप बसलं तर काय होतं ते ठरलेलं आहे. दहा घासलेल्या पिनेवर स्टँडर्ड शेल चढवला तर जिथं एक-दोन थाऊंची फट हवी तिथं दहाहून जास्त राहते आणि गरम ऑइल तिथून वाहून जातं. स्टँडर्ड पिनेवर दहाचा शेल आवळला तर इंजिन हातानं फिरतच नाही. दुसरी चूक त्या मानानं बरी, ती गॅरेजातच कळते.

गो डेव्हिलच्या पोटात आणखी एक फरक दडलेला आहे. युद्धकाळातल्या इंजिनांत क्रँककडून कॅमशाफ्टला फिरवायला साखळी होती. 1946 च्या सुमारास कंपनीनं साखळी काढून दातांची चाकं, टायमिंग गियर, बसवली. वरकरणी किरकोळ बदल. पण साखळीनं जोडलेली दोन चाकं एकाच दिशेनं फिरतात आणि दातात दात अडकवलेली दोन चाकं उलटसुलट. म्हणजे नव्या इंजिनात कॅमशाफ्ट उलटा फिरायला लागला. त्यामुळे कॅमशाफ्ट वेगळा झाला, आणि कॅमवरच्या तिरप्या दातांनी फिरणाऱ्या ऑइल पंपाच्या दातांचा कलही बदलला. साखळीवाल्या इंजिनाचा ऑइल पंप गियरवाल्यात चालत नाही. बाहेरून दोन्ही पंप इतके सारखे दिसतात की शेजारी ठेवून दातांचा तिरपेपणा पाहिल्याशिवाय फरक कळत नाही. इंजिनात काय आहे ते टायमिंग कव्हर काढलं की दिसतं. कव्हर काढायचं नसेल तर टॅपेटची बाजूची झाकणपट्टी उघडून हँडल हळू फिरवायचं आणि कॅमचे उंचवटे कुठल्या दिशेनं वळतात ते पाहायचं. क्रँकच्याच दिशेनं वळले तर साखळी, उलट वळले तर गियर.

विजेच्या सामानाचंही असंच. युद्धातली जीप 6 व्होल्टची, एम-38 आणि तिच्यानंतरच्या लष्करी जीप 24 व्होल्टच्या, नागरी जीप पुढे 12 च्या. कुणीतरी मधेच सोयीसाठी 12 व्होल्टची बॅटरी बसवलेली असते आणि सेल्फ स्टार्टर बदललेला असतो. फ्लायव्हीलच्या कड्याचे दात मात्र जुनेच राहतात. या कुळात 97 दातांचंही कडं आहे आणि 129 दातांचंही. नवीन सेल्फ मागवण्याआधी खडूनं एका दातावर खूण करून सगळे दात मोजायला दहा मिनिटं लागतात. न मोजता आणलेला सेल्फ दात खातो आणि मग कडंही बदलावं लागतं.

आट्यांकडे तर फारच थोडे लक्ष देतात. जीप इंचांच्या जगातली, लष्कराचीच दुसरी गाडी जोंगा मिलिमीटरच्या. 5/16 इंचाचा बोल्ट 7.94 मिलिमीटर जाड असतो, म्हणजे हातात घेतला तर आठच वाटतो. त्याच्या बारीक आट्यांचं अंतर 1.06 मिलिमीटर, आणि 8 मिलिमीटरच्या बारीक आट्याच्या बोल्टचं 1. जीपच्या भोकात हा मिलिमीटरचा बोल्ट दोन-तीन फेरे छान जातो, मग जड होतो. घाईतला हात पाना लावून तो आवळतो आणि ब्लॉकमधले आटे सोलून निघतात. चार-पाचशे रुपयांत येणारा पिच गेज या प्रसंगातून वाचवतो. जुन्या ब्लॉकला किंमत उरलेली नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा दुसरा ब्लॉक शोधून पाहावा.

जोंगाचा उल्लेख निघालाच आहे तर: नाव जबलपूरच्या कारखान्यावरून पडलेलं, गाडी निस्सान पॅट्रोलची, इंजिन सहा सिलिंडरचं, 3956 सीसी, पेट्रोल पिणारं. लष्कराच्या निस्सान एक-टनी कॅरिअरचं इंजिनही त्याच कुळातलं, त्यामुळे जोंगाचे भाग शोधताना कॅरिअरचं भंगार विसरू नये. शक्तिमान ट्रक जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर 1959 पासून जबलपूरला बनला. त्याचं इंजिन डिझेलचं आणि वजन असं की खासगी हौशी माणूस त्याच्या वाटेला सहसा जात नाही. असली जुनी लष्करी वाहनं जवळून बघायची असतील तर अहिल्यानगरचं (पूर्वीच्या अहमदनगरचं) कॅव्हलरी टँक म्युझियम मराठवाड्याला जवळचं. तिथला भर रणगाड्यांवर आहे.

लष्करी साठ्यातून न वापरलेले, ग्रीस लावून मेणकागदात गुंडाळलेले भागही बाजारात येतात. त्यांच्या वेष्टनावर 13 आकड्यांचा साठा क्रमांक असतो आणि तो वाचता आला तर अर्धं काम झालं. पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात: 2805 म्हणजे पेट्रोल इंजिन आणि त्याचे भाग, 2815 डिझेल, 2910 इंधन यंत्रणा, 2920 इंजिनाचं विजेचं सामान, 2930 थंड ठेवणारी यंत्रणा. पुढचे दोन आकडे देशाचे, 00 किंवा 01 अमेरिका, 72 भारत. देशाचे दोन आणि उरलेले सात मिळून नऊ आकडे त्या वस्तूची नेमकी ओळख. हे नऊ जुळले तर वेष्टनावर कुठल्याही गाडीचं नाव असलं तरी वस्तू तीच. 1974 पूर्वीच्या अमेरिकन वेष्टनांवर देशाचे दोन आकडे नसत, क्रमांक 11 आकड्यांचाच असे. त्यामुळे छोटा क्रमांक दिसला म्हणून माल बनावट ठरवायचं कारण नाही. फोर्डच्या पार्ट नंबरातही असंच आहे. जीपीडब्ल्यू या अक्षरांनंतरचा 6015 म्हणजे ब्लॉक, 6303 म्हणजे क्रँक, 6108 म्हणजे पिस्टन. फोर्डच्या इतर गाड्यांतही त्या त्या भागाला तोच मूळ आकडा, अक्षरं तेवढी बदलतात.

कागदांचा भाग थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ तपशिलात बदल करायचा तर परवानगी आणि नोंद लागते. ब्लॉक बदलला की नंबर बदलतो, आणि आरसी बुकातला नंबर जुना राहिला तर गाडी विकताना किंवा तपासणीत मालक अडकतो. जुलै 2021 मध्ये केंद्रानं 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आणले. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नवीन नोंदणीला 20 हजार रुपये, आणि अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, तिच्यात मोठे फेरफार झालेले नसावेत. ज्यांनी 'पिकअप चांगला' म्हणून विलीजमध्ये डिझेल कोंबलं त्यांना ही अट आता टोचते. आणि मिलिटरी दिसावी म्हणून जीपला ऑलिव्ह ग्रीन रंग देणाऱ्यांनी केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 121 वा नियम वाचावा. तो रंग फक्त संरक्षण दलांच्या वाहनांसाठी राखलेला आहे.

म्हणजे माहूरहून नांदेडला किंवा पुण्याला फोन लावायचा तर हातातली चिठ्ठी साधारण अशी हवी: "गो डेव्हिल, सपाट हेड. नंबर एमबीनं सुरू, शेवटी अक्षर नाही. टायमिंग साखळीचं, कव्हर काढून पाहिलं. रॉडच्या चारही पिना 1.917 च्या आसपास, म्हणजे वीस. बोअर चाळीस ओव्हरसाइज. कडं 97 दातांचं." एवढं ऐकल्यावर दुकानदार गाडी कोणती हे विचारत नाही. फार तर विचारतो, शेल कुठल्या कंपनीचे देऊ.

माल आला की डबा फोडण्याआधी जुना भाग शेजारी ठेवायचा. पॅकिंग पॅकिंगवर ठेवून उजेडाकडे धरायचं, पाण्याची सगळी भोकं आरपार दिसायला हवीत. ऑइल पंपाचे दात जुन्या पंपाच्या दातांच्या कलाशी ताडायचे. शेल चढवून कॅप आवळल्यावर, हेड बसवण्याआधी, इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचं. तोवर जुनं काहीही भंगारवाल्याला द्यायचं नाही. आणि सगळं जमून आल्यावर पत्र्याच्या एका पट्टीवर मेन किती, रॉड किती, बोअर किती आणि काम कोणत्या साली झालं ते ठोकून ती पट्टी टॅपेट कव्हरच्या किंवा स्टार्टरच्या बोल्टखाली अडकवायची. पाच रुपयांच्या पत्र्यावर पुढच्या मिस्त्रीचा आख्खा दिवस वाचतो.